बग्गीत कोण आहे?

गेल्या वर्षीची गोष्ट. बी. ए. च्या शेवटच्या वर्गाला आधुनिक भारताचा इतिहास शिकवीत होतो. १९०८ साल आले, मुझफ्फरपूर आले, आणि मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून रोज बसने येणारा, एरवी वर्गात तोंड न उघडणारा मुलगा. त्याने विचारले, "सर, खुदीराम बोस दहशतवादी होते का?"

कुणी हसले, कुणी त्याला खाली बसण्याची खूण केली. पण प्रश्न वात्रटपणाचा नव्हता. बिपन चंद्र आणि त्यांचे सहकारी यांचे स्वातंत्र्यलढ्यावरचे १९८८ सालचे इंग्रजी पुस्तक त्याने ग्रंथालयातून नेले होते आणि त्यात 'क्रांतिकारी दहशतवादी' अशा अर्थाचा शब्द त्याला आढळला होता. याच शब्दावरून २०१६ साली संसदेत गदारोळ झाला आणि दिल्ली विद्यापीठाने त्या पुस्तकाच्या हिंदी भाषांतराची विक्री थांबविली. मुलाला तो वाद ठाऊक नव्हता. त्याला फक्त शब्द खटकला होता.

मी काय उत्तर दिले? जे उत्तर आम्ही प्राध्यापक मंडळी अशा वेळी खिशातून काढतो तेच. एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा क्रांतिकारक, असे म्हणालो, तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. मुलगा खाली बसला. त्याचे समाधान झाले नव्हते हे मला दिसत होते आणि माझेही झाले नव्हते. ते वाक्य शहाणपणाचे वाटते खरे, पण त्याचा अर्थ एवढाच की कृत्याकडे पाहूच नका, ते करणाऱ्याचा झेंडा कोणता ते पाहा आणि नाव ठेवा. वर्षभर तो प्रश्न मनात घोळत राहिला. वार्षिक अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा वाटले, निदान आता तरी उत्तर द्यावे.

आधी शब्दच पाहू. 'दहशत' आपल्याकडे फारसीच्या वाटेने आली. १९२० च्या सुमाराच्या मराठी वृत्तपत्रांत 'दहशतवादी' फारसा भेटत नाही. तिथे 'अत्याचारी' चळवळ आणि 'अनत्याचारी' असहकार अशी विभागणी असे. याच अंकाच्या कन्नड विभागाचे काम पाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी विचारले, "सर, तुमच्याकडे काय म्हणतात?" ते म्हणाले, "भयोत्पादने." मी चकित झालो. भयाचे उत्पादन! संस्कृतातून घेतलेला हा शब्द आपल्याही कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. दहशत म्हटले की नुसती अवस्था कळते. कन्नड शब्दात मात्र कारखाना दिसतो, माल दिसतो, आणि तो माल कुणासाठी तयार होतो हा प्रश्नही आपोआप पुढे येतो. पोटात दोन भाषा बाळगणाऱ्या आमच्यासारख्या गावाचा हा एक फायदा.

हा कारखाना प्रथम काढला तो मात्र एखाद्या गुप्त मंडळीने नव्हे, सरकारने. फ्रान्समध्ये सप्टेंबर १७९३ पासून जुलै १७९४ पर्यंत जे राज्य चालले त्याला 'दहशतीचे राज्य' हे नाव आहे. सुमारे १७,००० माणसांना रीतसर शिक्षा फर्मावून मारण्यात आले. तुरुंगात आणि खटल्यावाचून मेले ते वेगळे. रोबेस्पिअरने फेब्रुवारी १७९४ च्या भाषणात दहशतीला सद्गुणाची जोडीदारीण ठरविले होते. तो स्वतः गिलोटीनखाली गेल्यावर त्याच्या माणसांना उद्देशून 'टेररिस्ट' ही शिवी रूढ झाली. म्हणजे शब्द जन्मला तो सत्तेवर बसलेल्यांसाठी. पुढे तो सत्तेबाहेरच्यांना चिकटला आणि सत्ताधारी त्यातून अलगद मोकळे झाले. आजही या शब्दाची व्याख्या करताना सरकारे स्वतःला बाहेर ठेवूनच करतात, हे लक्षात ठेवलेले बरे.

सत्तेबाहेरच्यांच्या हाती हे साधन आले ते रशियात. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली डायनामाइटचे पेटंट घेतले. खाणी आणि बोगदे खोदण्यासाठी निघालेला तो पदार्थ चौदा वर्षांनी झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या गाडीखाली फुटला. १ मार्च १८८१ रोजी (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे) 'नारोद्नाया वोल्या' म्हणजे 'जनतेची इच्छा' या संघटनेच्या तरुणांनी सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यावर त्याला मारले. ही माणसे स्वतःला दहशतवादी म्हणवून घ्यायला लाजत नसत. पण त्यांच्या मनात एक हिशेब होता: जुलमासाठी जो जबाबदार आहे त्याला मारायचे, दुसऱ्याला नाही. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांचा खून झाला तेव्हा याच संघटनेने त्याचा निषेध केला. त्यांचे म्हणणे असे की, जिथे लोकांना मताने राज्यकर्ते बदलता येतात तिथे राजकीय खून हाही जुलूमच. नुकताच ज्यांनी झार मारला त्यांनी हे म्हणावे, हे वाचून प्रथम हसू येते; मग येत नाही.

अर्थात हा हिशेब कागदावर जितका स्वच्छ होता तितका रस्त्यावर राहिला नाही. १८८० साली झारच्या हिवाळी राजवाड्यात त्यांनी स्फोट केला. झार वाचला, पहाऱ्यावरचे अकरा शिपाई मेले. १८८१ च्या पहिल्या बाँबने रस्त्यावरचा एक पोरगाही मेला. शिपाई आणि पोरगा यांनी कोणता जुलूम केला होता?

या रशियन मंडळींतल्या एका प्रसंगासाठीच खरे तर मी हा लेख लिहावयास घेतला. २ फेब्रुवारी १९०५, मॉस्को. झारचा काका ग्रँड ड्यूक सेर्गेई रात्री नाट्यगृहाकडे निघाला होता. इव्हान काल्याएव नावाचा तरुण हातात बाँब घेऊन त्याच्या बग्गीची वाट पाहत उभा होता. बग्गी आली, काल्याएव पुढे धावला, हात उचलला आणि आत पाहिले. आत ड्यूकबरोबर त्याची पत्नी होती आणि दोन लहान मुले होती, ड्यूकच्या भावाची. काल्याएवने हात खाली घेतला. बग्गी निघून गेली. महिनोन्‌महिने केलेली तयारी, साथीदारांचे जीव, सारे पणाला लावून तो परत आला आणि त्याने सोबत्यांना विचारले, मी बरोबर केले ना? सोबत्यांनी त्याला दोष दिला नाही. दोन दिवसांनी ड्यूक एकटा असताना त्याने त्याला क्रेमलिनमध्ये ठार केले, पळाला नाही, आणि मे महिन्यात फासावर गेला. आल्बेर कामूने पुढे १९४९ साली या प्रसंगावर नाटक लिहिले.

मी काल्याएवची आरती ओवाळीत नाही. त्याने एका माणसाच्या चिंधड्या उडविल्या, आणि ती बग्गी दोन दिवसांपूर्वी ज्या बाईसाठी सोडली तिलाच विधवा केले. पण त्याने आत पाहिले. पाहिल्यामुळे तो थांबू शकला. माझ्या मते दहशतवादाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात जो बदल झाला तो सारा या एका पाहण्याभोवती फिरतो.

आता आपल्याकडे या. काल्याएवनंतर तीनच वर्षांनी, ३० एप्रिल १९०८ च्या रात्री, मुझफ्फरपूरच्या युरोपियन क्लबाबाहेर खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी अशाच एका बग्गीची वाट पाहत होते. किंग्जफर्ड हा कलकत्त्याचा मॅजिस्ट्रेट. त्याने पंधरा वर्षांच्या एका मुलाला फटक्यांची शिक्षा दिली होती. त्याच्यावर राग होता आणि म्हणूनच त्याची बदली बिहारात झाली होती. अंधार होता. किंग्जफर्डच्या गाडीसारखी दिसणारी गाडी आली आणि बाँब पडला. आत किंग्जफर्ड नव्हता. प्रिंगल केनेडी या बॅरिस्टरची पत्नी आणि मुलगी होत्या. दोघीही त्या जखमांनी मेल्या. चाकीने पकडले जाताना स्वतःवर गोळी झाडून घेतली. खुदीरामला ११ ऑगस्ट १९०८ रोजी फाशी झाली. वय १८ वर्षे आणि काही महिने; या अंकाच्या वाचकांपैकी निम्म्यांहून लहान.

आपली पाठ्यपुस्तके खुदीरामचे वय सांगतात, फासाकडे जातानाचे त्याचे धैर्य सांगतात. केनेडी मायलेकींचा उल्लेख 'चुकून' या एका क्रियाविशेषणात आटोपतो. मीही असेच शिकविले आहे.

टिळकांनी मात्र तसे केले नाही. मुझफ्फरपूरनंतर 'केसरी'त त्यांनी लेखमाला लिहिली. त्यांतल्या 'देशाचे दुर्दैव' (१२ मे १९०८) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून १९०८) या दोन अग्रलेखांवर राजद्रोहाचा खटला होऊन २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, हे सर्वांना माहीत आहे. बाँबचे समर्थन त्यांनी केले नव्हते. सरकारी दडपशाहीतून बाँब उपजतो असे बजावले होते. पण त्या दुसऱ्या लेखातला एक मुद्दा मला अतिशय दूरदर्शी वाटतो. त्याचा आशय असा की, बंदूक-तोफेसारखा बाँब मोठ्या कारखान्यात करावा लागत नाही, तो ज्ञानाचा प्रकार आहे, आणि ज्ञानाला शस्त्रबंदीचा कायदा लागू करता येत नाही. १९०८ साली हे लिहिलेले आहे! प्रेशर कुकर आणि मोबाइल फोन यांच्या काळातल्या पोलीस अधिकाऱ्याला हे वाक्य कालचे वाटेल.

ती विद्या इथे आली कशी? पां. म. बापट आणि हेमचंद्र दास हे दोघे ती पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून शिकले आणि कृतीची पुस्तिका घेऊन आले. म्हणजे मॉस्कोची बग्गी आणि मुझफ्फरपूरची बग्गी यांच्यामध्ये एक धागा आहे, आणि त्याचे एक टोक पारनेरच्या माणसाच्या हातात आहे. हेच बापट पुढे मुळशीच्या सत्याग्रहाचे सेनापती झाले आणि १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, नानासाहेब गोऱ्यांबरोबर सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. बाँबची विद्या शिकलेला माणूस हात रिकामे ठेवून पोर्तुगीज पोलिसांच्या लाठ्या खायला गेला. या एका आयुष्यावर कुणी विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा. मी आनंदाने मार्गदर्शन करीन.

त्या काळातल्या आपल्या क्रांतिकारकांकडे पाहताना मला दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. एक म्हणजे, ते ठरविलेल्या माणसावर हात टाकीत. चापेकरांनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडची गाडी हेरली होती. अनंत कान्हेरेने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनला समोरून गोळ्या घातल्या. तिथे भरलेले नाट्यगृह होते. त्यावर कुणी बाँब टाकला नाही. दुसरी गोष्ट ही की, प्रत्येक वेळी कडेला कुणी तरी मेले आहे आणि त्याची आठवण कुणी ठेवलेली नाही. रँडच्या मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट. लंडनला धिंग्राने कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या तेव्हा मध्ये पडलेला पारशी डॉक्टर कावस लालकाका. लाहोरला १७ डिसेंबर १९२८ रोजी स्कॉट समजून मारलेला साँडर्स आणि त्यानंतर पाठलाग करताना मेलेला हेड कॉन्स्टेबल चनन सिंग. साँडर्सवर पहिली गोळी झाडणारा राजगुरू आमच्या खेडचा. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण चनन सिंगलाही घर असेल.

या मार्गावरून सर्वांत पुढे जाऊन ज्याने मागे वळून पाहिले तो भगतसिंग. ८ एप्रिल १९२९ रोजी त्याने आणि बटुकेश्वर दत्तने दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बाँब टाकले ते मुद्दाम रिकाम्या जागी, आणि दोघे पळून न जाता उभे राहिले. बहिऱ्यांना ऐकू जावे म्हणून मोठा आवाज लागतो, ही त्या दिवशीच्या पत्रकातली कल्पना त्यांनी फ्रान्सच्या व्हेलाँ या अराजकवाद्याकडून घेतली होती. आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये, फाशीच्या सात आठवडे आधी, तरुण कार्यकर्त्यांना उद्देशून त्याने लिहिले की, सुरुवातीचा काळ सोडला तर आपण दहशतवादी नाही आणि त्या मार्गाने काही साधेल असे आपल्याला वाटत नाही. बिपन चंद्रांच्या पुस्तकावर चिडलेल्यांनी आणि त्याची बाजू घेणाऱ्यांनीही हे लिखाण एकदा वाचावयास हवे होते.

व्हेलाँचे नाव निघालेच आहे तर पॅरिसमधल्या एका आठवड्याकडे वळले पाहिजे. व्हेलाँने डिसेंबर १८९३ मध्ये फ्रेंच प्रतिनिधिगृहात खिळ्यांनी भरलेला बाँब टाकला. कुणी मेले नाही, तरी ५ फेब्रुवारी १८९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. बरोबर एका आठवड्याने, १२ फेब्रुवारीला, एमिल आँरी नावाच्या २१ वर्षांच्या हुशार तरुणाने साँ-लाझार स्टेशनाजवळच्या 'तेर्मिन्युस' या कॅफेत बाँब टाकला. कॅफेत मंत्री नव्हते, न्यायाधीश नव्हते. संध्याकाळी बिअर घेत संगीत ऐकणारी साधी माणसे होती. एक मेला, वीसेक जखमी झाले. हे लोक निरपराध होते, असे न्यायालयात सुनावले गेले तेव्हा आँरीचे उत्तर असे होते की, त्या वर्गात निरपराध कुणी नसतोच.

माझ्या दृष्टीने आजचा दहशतवाद या वाक्यात जन्मला. व्हेलाँ आणि आँरी यांच्यात काळाचे अंतर जेमतेम दोन महिन्यांचे. पण एक जण सत्तेच्या दारावर गेला आणि दुसऱ्याने गर्दी निवडली. एकदा 'तुमच्यात निरपराध कुणी नाही' असे ठरले की बग्गीत डोकावण्याची गरज राहत नाही. तुमच्यात म्हणजे कोण, हे काळाप्रमाणे बदलते. भांडवलदार, गोरे, काफिर, हिंदू, मुसलमान, परप्रांतीय. रिकामी जागा भरायची तेवढी.

१६ सप्टेंबर १९२० रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर भर दुपारी एक घोडागाडी येऊन उभी राहिली. हाकणारा उतरून निघून गेला. गाडीत डायनामाइट आणि लोखंडाचे तुकडे होते. ३८ माणसे मेली, त्यांत बहुतेक कारकून, टंकलेखक, निरोपे. समोरच्या पेढीचा धनी मॉर्गन त्या दिवशी परदेशात होता. गुन्हेगार कधी सापडले नाहीत. पाहा, इथेही गाडीच आहे. पण आता बाँब गाडीवर पडत नाही, गाडीच बाँब झाली आहे, आणि तो ठेवणारा फुटायच्या वेळी तिथे नाही.

गर्दीवर हात टाकण्याचा धडा एकट्या आँरीने दिला असे मात्र कुणी समजू नये. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरने १,६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ मेले, लोकांच्या अंदाजाप्रमाणे कितीतरी अधिक. हंटर समितीपुढे डायरने स्वच्छ सांगितले की, केवळ जमाव पांगवायचा नव्हता, साऱ्या पंजाबच्या मनावर परिणाम घडवायचा होता. समोरच्यांना मारून दूरच्यांना घाबरविणे, ही दहशतवादाची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात मिळालेली नाही, आणि ती देणाऱ्याच्या अंगावर राजाचा गणवेश होता. पुढे गेर्निका, कोव्हेंट्री, ड्रेस्डेन, हिरोशिमा. आकाशातून शहरे जाळण्याची सवय सरकारांनीच जगाला लावली.

दूरच्यांना घाबरविणे हा उद्देश असेल तर दूरचे पाहत असले पाहिजेत. हे साधले ते टेलिव्हिजनमुळे. ५ सप्टेंबर १९७२ रोजी म्यूनिक ऑलिंपिकच्या क्रीडाग्रामात इस्राएली खेळाडूंना ओलीस धरले गेले तेव्हा पोलिसांची चढाईची तयारी आतले बंदूकधारी खोलीतल्या पडद्यावर पाहत होते. अकरा इस्राएली मेले. ३६ वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला, मुंबईत दहा जण उतरले. ताज आणि ट्रायडंटमधल्या मारेकऱ्यांना पाकिस्तानातून फोनवर सूचना मिळत होत्या. सूचना देणारे आपल्याच वाहिन्यांवरचे थेट प्रक्षेपण पाहत होते. कसाबच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने या वाहिन्यांची कानउघाडणी केली. आणि १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये एका गोऱ्या वंशवाद्याने मशिदींतल्या ५१ माणसांना मारले तेव्हा त्याला वाहिनीचीही गरज उरली नव्हती. कॅमेरा त्याच्याच डोक्यावर होता आणि प्रेक्षक फेसबुकवर.

दुसरीकडे मारणारा अधिकाधिक अदृश्य झाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले, ३२९ माणसे गेली. व्हँकुव्हरला एक बॅग चढविली गेली होती. तिचा प्रवासी चढलाच नव्हता. १२ मार्च १९९३ च्या मुंबईत २५७ माणसे मेली, मोटारींत आणि स्कूटरींत ठेवलेल्या स्फोटकांनी. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे घरी पोहोचली नाहीत. ज्याने ती पिशवी ठेवली असेल त्याने डब्यातली माणसे पाहिली असतीलच. कदाचित कुणी सरकून त्याला जागाही दिली असेल. मुंबईच्या लोकलमध्ये देतात. पण आता पाहिल्याने काही फरक पडत नव्हता. आत कोण आहे, हे त्याच्या दृष्टीने उत्तर नव्हते, कारण तो प्रश्नच नव्हता.

श्रीपेरुंबुदूरच्या १९९१ मधल्या मानवी बाँबबद्दल, टोकियोच्या भुयारी रेल्वेतल्या १९९५ सालच्या विषारी वायूबद्दल, ११ सप्टेंबर २००१ बद्दल लिहिता येईल. ते वाचकांना माहीत आहे, आणि आकड्यांची माळ ओढत बसणे हेही थोडेसे त्या कारखान्याचेच काम करणे आहे. त्यापेक्षा मला वेगळी, गावातली गोष्ट सांगावयाची आहे.

२००८ च्या डिसेंबरात मी या व्यवसायात नवा होतो. मुंबईचा हल्ला होऊन गेला होता. तिसऱ्या रांगेतला एक मुसलमान विद्यार्थी बाकावर एकटा बसलेला दिसला. आदल्या आठवड्यापर्यंत त्या बाकावर तिघे दाटीवाटीने बसत. कुणी त्याला काही बोलले नव्हते, भांडण नव्हते. दोघे फक्त उठून मागे गेले होते. त्याने वहीवरची नजर वर केली नाही. मी हजेरी घेतली, त्याचे नाव उच्चारले, तो 'हजर' म्हणाला, आणि मी शिकवू लागलो. काही बोललो नाही. काय बोलावे ते सुचले नाही, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. खरे म्हणजे उरलेल्या साठ मुलांना काय वाटेल याची मला भीती वाटली. पंधरा दिवसांनी परीक्षा जवळ आली, उत्तम टिपणे त्याच्याकडेच होती, आणि बाक पुन्हा भरला.

कराचीतून फोनवर बोलणाऱ्या माणसाने आमच्या वर्गाचे नाव ऐकले नव्हते. तरी त्याचा माल इथवर आला आणि आम्ही तो उतरवून घेतला. त्या दोन मुलांनी आणि मी जे केले ते आँरीच्या गणितातलेच होते, फक्त बाँबशिवाय: आत कोण आहे ते न पाहता, तो कोणत्या लोकांतला आहे एवढे पाहिले.

भीतीला उत्तर म्हणून आरोपी हवा असतो, लवकर हवा असतो, आणि तेव्हाही नेमका माणूस कोण हे पाहण्याचा धीर राहत नाही. ११ जुलैच्या स्फोटांबद्दल विशेष न्यायालयाने २०१५ साली १२ जणांना दोषी ठरविले, पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी सुटले. दोन्ही निकालांवर आपापल्या बाजूच्या लोकांनी पेढे वाटले किंवा छात्या बडविल्या, आणि बाजू बदलली की पेढेवाले आणि छातीवाले यांची अदलाबदल झाली. लोकलमधल्या आणि मालेगावच्या चौकातल्या मेलेल्यांना मग मारले कुणी, असे विचारणारे थोडे होते.

कुणी म्हणेल, तुमच्या या हिशेबाने ठरवून केलेला खून पवित्र झाला. तसे नाही. गांधीजींनी १९०९ साली लंडनमध्ये बाँबवाल्या तरुणांशी वाद घातला आणि परतताना बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिले. खुनाने मिळालेले राज्य खुनी लोकांच्याच हाती जाईल, हा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. मी एवढेच म्हणतो की, सगळ्या खुनांना एका पोत्यात भरले तर इतिहास शिकविता येत नाही, आणि झेंडा पाहून दोन पोती केली तर तो शिकविण्याची गरजच उरत नाही.

तेव्हा खानापूरच्या त्या माझ्या विद्यार्थ्याला आज मी असे सांगेन. बाबा रे, खुदीरामचा मार्ग दहशतीचा होता. त्या काळात त्या मार्गाचे लोकही हा शब्द नाकारीत नसत. पण त्याला मारावयाचा होता एक माणूस, ज्याच्या हातून काय घडले ते साऱ्या बंगालला माहीत होते. लोकलमध्ये कुकर ठेवणाऱ्याला कोणताच माणूस मारावयाचा नव्हता, म्हणून कुणीही चालत होता. या दोघांना एक नाव देणे खोटे आहे. आणि त्या बग्गीत दोन बायका होत्या हे गाळून खुदीराम शिकविणे हेही खोटे आहे. ते मी अकरा वेळा केले. तू विचारलेस तो बारावा वर्ग.

हा मुलगा आता एम. ए. साठी धारवाडला आहे. अंक छापून झाला की एक प्रत त्याला पाठवावयाची आहे. येत्या जूनमध्ये मुझफ्फरपूरचा पाठ पुन्हा येईल. या वेळी फळ्यावर खुदीराम आणि प्रफुल्ल यांच्या नावांखाली 'केनेडी, आई व मुलगी' असे लिहावयाचे ठरविले आहे. कॅफे तेर्मिन्युससाठी एक तास कमी पडेल. प्राचार्यांकडे जादा तास मागणार आहे.